आपा रागावल्या तेव्हा

"उचलू नको!" माहिरे ओरडली, पण तोवर मी फोन उचललाही होता.

आता यात माझं काय चुकलं? आम्हा तिघींत कोरडे हात माझेच. माहिरेचे मैद्याच्या गोळ्यात, आपांचे मटणाच्या खिम्यात, आणि मी नुकतीच कांदा चिरून हात पुसत होते. फोन पिठाच्या पोत्यावर थरथरत होता. नंबर हा लांबलचक. वाजतोय तर उचलावा, एवढंच मला ठाऊक. बरं, साधा फोनही नव्हता, चेहरे दिसणारा होता. मी तो तोंडासमोर धरला तर आत एक माणूस बसलेला. डोकं जवळजवळ तासलेलं, गालफडं बसलेली, आणि अंगात नवा कोरा शर्ट, घडीच्या रेघासुद्धा न मोडलेला. मला बघून तो गोंधळला, त्याला बघून मी.

आपा माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"एकबर," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. पोरगं शाळेतून आल्यावर दारातच त्याचं नाव घेतो ना आपण, तसं म्हणाल्या.

माहिरेच्या हातातला गोळा ओट्यावरून खाली पडला. तिचा नवरा होता तो. तो जिवंत आहे की नाही, हे त्या क्षणापर्यंत तिला माहीत नव्हतं.

याला आता बरीच वर्षं झाली. मी पुन्हा आमच्या इचलकरंजीत आहे. तेव्हा आम्ही इस्तंबूलला राहत होतो. आमचे हे कापड रंगवायच्या मशिनी बसवून द्यायच्या कामावर होते. ते सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, आणि मी चार भिंतींशी बोलत बसायची. माझ्यासारख्या बाईला मुकं बसायला लावणं म्हणजे शिक्षाच की हो. एक दिवस जिन्यात जिऱ्याचा असा काही वास सुटला की मी त्याचा माग काढत वरच्या मजल्यावर गेले आणि दारच वाजवलं. दार उघडलं ते होरनिसा-आपांनी. मला नखशिखांत न्याहाळलं, हाताला धरून आत नेलं आणि चहाचा वाडगा पुढ्यात ठेवला. तेव्हापासून मी त्या स्वयंपाकघरातलीच झाले.

ती माणसं उइघुर. चीनच्या पार पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला काशगर नावाचं शहर आहे, तिथली. त्यांची भाषा तुर्कीच्या घरातली, पण जिऱ्याला ती झिरे म्हणतात, कांद्याला पियाज आणि चहाला चायच. एवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली आणि ओट्यापाशी उभं राहून राहून त्यांची घरगुती भाषा बऱ्यापैकी उचलली. सासू-सून दोघी मिळून मांता करून हॉटेलांना पुरवायच्या. मांता म्हणजे उकडीचा मोदकच म्हणा, फक्त आत मटण-कांदा. मी त्याला मोदकासारख्या कळ्या पाडायची आणि आपा हसून हसून बेजार व्हायच्या. "रेतना, हा मांता लग्नाला निघाला का गं?" म्हणायच्या. रत्नमाला काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही, मी रेतनाच राहिले.

एकबर हा आपांचा एकुलता एक. बाप काशगरला नानवाय होता, म्हणजे तंदूर लावून नान भाजणारा, आणि तो तिकडेच राहिला होता. बाप गेल्याचं कळलं तेव्हा एकबर मूठमाती द्यायला एकटाच गेला. चार दिवसांत येतो म्हणाला होता. झुमरेत, त्याची मुलगी, तेव्हा पाळण्यात होती. तिकडे गेल्यावर सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. मग "आता मला फोन करू नका" एवढा निरोप आला, आणि मग तेही बंद. त्या काळात सरकार तिकडच्या उइघुरांना 'शिकवण्या'च्या नावाखाली डांबून ठेवत होतं, आणि कितीतरी घरांचे फोन असेच मुके झाले होते. आपण फोन केला तर उचलणाऱ्याला त्रास, म्हणून इकडची माणसं फोनच करत नसत. तिकडून अनोळखी नंबर आला तर उचलायचीही भीती, आपल्या तोंडून काय निघेल आणि तिकडे कुणाला भोवेल! माहिरे ओरडली ती त्यासाठी.

तर एकबर बोलायला लागला. पहिली दोन वाक्यं चिनीत बोलला.

"बाळा, मला चिनी येत नाही," आपा म्हणाल्या. "आपलं बोल."

त्याने डावीकडे पाहिलं. तिकडे कुणीतरी खाकरलं. मग तो आपल्या भाषेत बोलू लागला. त्यांच्यात आई म्हणजे आपा, आणि तिलाही अहो-जाहो करतात.

"आपा, तुमची तब्येत बरी आहे ना? मीही बरा आहे. पूर्वी माझे विचार चुकीचे होते. इथे मी पुष्कळ शिकलो. आता मला काम आहे, राहायला खोली आहे." पंधरा ऑगस्टला भाषण म्हणणारं पोर जसं भलत्याच ठिकाणी श्वास घेतं, तसा तो घेत होता. "माहिरेला सांगा, रविवारी मुलांना शिकवते ते बंद कर. त्याची गरज नाही."

माहिरेचा चेहरा पांढरा पडला. दर रविवारी ती एका तळघरात दहा-बारा पोरांना जमवून उइघुर अक्षरं गिरवून घ्यायची. झुमरेतही त्यात बसायची. इस्तंबूलच्या तळघरातली ही गोष्ट काशगरात बसलेल्या माणसाला कुणी सांगितली?

"तुम्ही तिघी परत या," एकबर म्हणाला. "तिकिटांची सोय होईल. इथे कशाचीच कमी नाही."

समोरच्या टेबलावर द्राक्षं होती, कापलेलं खरबूज होतं, नानांची चळत होती, सगळं कसं दुकानात मांडतात तसं. 'कशाचीच कमी नाही' म्हणता म्हणता त्याने चळतीतलं वरचं नान उचललं आणि शेजारी ठेवलं. मला त्यात काही दिसलं नाही. पण आपा कडाडल्या.

"ए एकबर! नान पालथं? सरळ कर आधी!"

त्यांच्यात नानाला तोंड असतं. ज्या बाजूला ठशाची नक्षी आणि तीळ, ती बाजू वर. पालथं ठेवणं म्हणजे अन्नाची विटंबना. आपल्या पायाला चुकून अन्न लागलं तर आपण कसे पटकन पाया पडतो, तितकंच त्यांचं हे हाडीमाशी भिनलेलं. नव्यानव्याने माझ्याही हातावर चापटी बसली होती.

एकबरचा हात तिथेच थांबला. डावीकडून कुणीतरी चिनीत काहीतरी विचारलं. एकबर हसला, चिनीत उत्तर दिलं. मग तो न दिसणारा माणूसही हसला; मनगटावर घड्याळ असलेला त्याचा हात पुढे आला आणि त्याने ते नान सरळ करून ठेवलं.

"पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन करू," एकबर म्हणाला. "केव्हा निघता ते तेव्हा सांगा." आणि फोन बंद झाला.

माहिरे तिथेच पिठात फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. तिला चिनी येत होतं, शाळा त्याच भाषेत झालेली. मी विचारलं, "काय गं म्हणाला तो दुसरा?"

"म्हातारी काय ओरडली, असं विचारत होता. एकबर म्हणाला, काही नाही, जुन्या वळणाची बाई आहे, नान कसं ठेवायचं ते शिकवते."

"मग रडतेस कशाला? जिवंत आहे की! चालतो-बोलतो आहे. ऊठ, तोंड धू. आमच्याकडे असतं तर आत्ता पेढे वाटले असते."

मला खरोखर आनंद झाला होता. आपांनी मात्र हात धुतले, खिडकीपाशी जाऊन बसल्या आणि उरलेला दिवस खिम्याला हात लावला नाही. मला वाटलं, सुखाचा धक्का असेल. म्हातारं माणूस, सावकाश येईल भानावर.

माहिरेने मनाशी ठरवून टाकलं होतं. माळ्यावरची बॅग खाली काढली. ओळखीपाळखीची माणसं समजावायला आली, "जाऊ नकोस, विमानतळावरूनच उचलून नेतील, पोर कुठे ठेवतील पत्ता लागणार नाही." ती ऐकून घ्यायची आणि दार लावून पुन्हा कपडे काढायला बसायची.

"मला काय कळत नाही, रेतना?" एकदा ती मला म्हणाली. "पाठ केलेलं म्हणत होता तो. पण जिवंत आहे. आणि त्याने स्वतःच्या तोंडाने बोलावलंय. मी गेले तर कदाचित त्याला सोडतील. नाही सोडलं तर निदान एका गावात तरी असू. इथे माझं काय आहे? मी धड नवरा असलेली नाही, धड विधवा नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभावच. मी म्हटलं, "जा बाई. नवरा ये म्हणतोय, मग जग काय म्हणतं त्याचं काय लोणचं घालायचंय?"

आपा खिडकीपाशी बसून आमच्याकडे बघत होत्या. त्या आठवड्यात त्यांनी धड जेवण घेतलं नाही. चहात बुडवून दिलेला तुकडाही हातात तसाच राहायचा. मी लटकं रागावले, "आपा, मुलगा दिसला, आता तरी चार घास खा. तिकडे गेल्यावर सुकलेली आई बघून तो काय म्हणेल?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी आपली गप्प बसले.

बुधवारी दुपारी मी वर गेले तेव्हा माहिरे झुमरेतच्या फ्रॉकना इस्त्री करत होती. झुमरेत शाळेत गेलेली. आपा खिडकीपासून उठल्या, येऊन इस्त्रीच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"ती इस्त्री बंद कर, माहिरे," त्या म्हणाल्या. "आपण जायचं नाही."

"आपा, ते झालंय बोलून."

"झालं नाही. मी अजून बोललेच नाही." त्यांनी टेबलाची कड धरली. "त्या दिवशी त्याने नान पालथं ठेवलं."

"हो, मग? घाबरला होता. लक्ष नसेल."

"नानवायाचा पोरगा आहे तो. चालायला लागला तेव्हापासून तंदुरावरून नान उचलून फळीवर मांडायचा. झोपेत मांडलं तरी सरळ मांडेल. त्याचा हात मला माहीत आहे, माहिरे. त्याचा हात चुकत नाही."

माहिरेने इस्त्री उभी करून ठेवली.

"तोंडाने तो 'या' म्हणत होता," आपा म्हणाल्या. "तोंड त्याचं नव्हतं. हात एवढाच त्याचा होता. हाताने त्याने सांगितलं, इथलं सगळं उलटं आहे, येऊ नका. दुसरं कुणी ओळखणार नाही असं त्याने शोधून काढलं, फक्त माझ्यासाठी. आणि मी काय केलं? मी ओरडले. त्यांच्यादेखत ओरडले. त्या माणसाने ऐकलं, हात घालून सरळ केलं. बघितलंस ना तू?"

मी फोन धरला होता, सगळं माझ्या नाकासमोर घडलं होतं, आणि मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं.

माहिरे सासूकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याला पकडून दिलंत."

"हो," आपा म्हणाल्या.

"एक क्षण गप्प बसायचं होतं. एक क्षण, आपा!"

"सत्तर वर्षांची सवय आहे, बाळा. नान पालथं दिसलं की जीभ चालते. डोकं मागून येतं."

"आणि इतके दिवस बोलला नाहीत?"

"लाज वाटली. वाटलं, तुझं तूच जायचं रद्द करशील, मग मला सांगावंच लागणार नाही."

मला त्या दोघींच्या मध्ये उभं राहवेना. मी म्हटलं, "अहो मग आता काय बिघडलंय? शुक्रवारी फोन आला की येत नाही म्हणून सांगा, संपला विषय."

माहिरे माझ्यावरच उसळली. "कसा संपला? म्हातारी नानावरून ओरडली आणि आठवड्यात यायचं रद्द झालं. ते काय दूधखुळे आहेत? नानाची भानगड काय, हे ते कुणालाही विचारतील. मग एकबरचं काय करतील? सांग ना! गेलं तर त्याने जीव धोक्यात घालून सांगितलेलं पाण्यात, आणि नाही गेलं तर त्याच्या जिवावर." तिने झुमरेतचा फ्रॉक उचलला आणि पुन्हा घडी घालायला लागली. "मी जाणार आहे. झुमरेतला इथे ठेवीन कुणाकडे तरी, पण मी जाणार. मग तरी त्याच्यावर संशय राहणार नाही."

"आणि तू गेलीस की पोरीला कोण?" आपा म्हणाल्या.

"ते तुम्ही ओरडण्याआधी विचारायला हवं होतं."

त्यानंतर माहिरे सासूशी बोलली नाही. वाडगा पुढे ठेवायची, पाठ फिरवायची. घरात एवढीशी जागा, त्यात दोघी एकमेकींना चुकवत वावरायच्या. मी वर जायची, दोन मांता वळायची आणि जड पायांनी खाली यायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांच्या घरातलं आहे, तू मध्ये पडू नकोस." कसली मी ऐकते! पण सांगायला माझ्याकडेही काही नव्हतं.

शुक्रवारी माहिरेने झुमरेतला शाळेत पाठवलं नाही. वेण्या घातल्या, फ्रॉक घातला. "बापाने एकदा तरी बघू दे," म्हणाली. फोन मधोमध गालिच्यावर ठेवून आम्ही चौघी भोवती बसलो. सकाळ गेली. आणि जेवणवेळेला तो वाजला.

माहिरेने हात पुढे केला. आपांनी त्याआधी उचलला.

"मी बोलेन," त्या म्हणाल्या.

"आपा, नको. पुन्हा काहीतरी…"

"मी बोलेन म्हटलं ना."

एकबर त्याच खुर्चीत होता, त्याच शर्टात. आज टेबल रिकामं होतं. द्राक्षं नाहीत, नान नाही, काही नाही. हात मांडीवर खाली ठेवलेले. माहिरेने झुमरेतला पुढे ढकललं. "दादा," झुमरेत म्हणाली. त्यांच्यात बापाला दादा म्हणतात. एकबरने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. डावीकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि तो घाईघाईने बोलला, "आपा, केव्हा निघताय? तिकिटं काढायची आहेत."

माहिरेने दीर्घ श्वास घेतला. 'मी येते' म्हणायला तिने तोंड उघडलंच होतं.

"येत नाही!" आपा गरजल्या. "मी येत नाही, माझी सून येत नाही आणि नातही येत नाही! कुठल्या तोंडाने बोलावतोस रे? मागच्या शुक्रवारी भरल्या टेबलाशी बसून नान पालथं घातलंस. नानवायाचा पोरगा ना तू? तुझ्या बापाने जन्मभर तंदुरात हात भाजून घेतले ते याचसाठी? आठवडाभर लाजेने माझ्या घशाखाली घास उतरला नाही!"

माहिरेने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, संपलं, म्हातारीचं डोकं फिरलं. लपवायची तीच गोष्ट वेशीवर टांगते आहे.

डावीकडून प्रश्न आला. एकबरने खालच्या आवाजात चिनीत सांगितलं. मग तो माणूस हसला, अगदी पोट धरून हसला, आणि काहीतरी म्हणाला.

"आपा," एकबर म्हणाला, "हे म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी मुलाला तोडतं का?"

"एवढीशी? त्यांना म्हणावं, तुमच्या आईला विचारा एवढीशी आहे का! ज्या घरात नान पालथं पडतं त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. मेले तरी नाही. आणि ही सून निघालीय बॅग भरून, हिलाही मी दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. बघतेच कशी जाते! माझ्या जिवंतपणी या घरात माझं चालतं."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माहिरेच्या तर आधीच पडला होता, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आपांनी आपली चूकच पदरासारखी मुलावर पांघरली होती. हट्टी, खुळी, जुन्या वळणाची म्हातारी. नान पालथं दिसलं म्हणून रुसून बसली. यात खूण कसली नि इशारा कसला! तो माणूस आणखी हसत होता.

एकबरने मान खाली घातली होती. त्याचे खांदे हलत होते. मला वाटतं, पलीकडच्याला तो लाजेने मान घालून बसल्यासारखा दिसला असेल.

"अजून बोला, आपा," तो म्हणाला.

आणि आपा बोलल्या. काय काय म्हणून बोलल्या! "लहानपणापासून असाच तू. कान धू म्हटलं की पळायचास. थंडीत टोपी घालायची नाही, मग रात्रभर खोकत बसायचं आणि मी उशाशी. अजून तसाच असशील. बघ कसा वाळलायस, काटकीसारखा! जेवायला देतात ते सगळं जेवतोस का? की निम्मं टाकतोस? टाकशील तर याद राख. अंगावर पांघरूण घेतोस का नीट? झोपेत लाथा मारून फेकायची खोड तुझी. पोरगी बघ केवढी झाली, तिला आपली सगळी अक्षरं येतात, तुला त्या वयात अर्धी येत नव्हती, गाढवा! बापाच्या कबरीवर गेलास का? गेलास तर माझा सलाम सांग त्यांना. म्हणावं, तुमचा मुलगा उनाड निघाला, पण…"

तेवढ्यात पडदा काळा झाला. 'पण' पुढे काय, ते त्याने ऐकलं नाही.

तो शेवटचा. त्यानंतर एकबरचा फोन आला नाही. आजही मी माहिरेला दर ईदला फोन करते आणि विचारत नाही. आला असता तर तिनेच आधी सांगितलं असतं.

त्या दिवशी आपा कितीतरी वेळ फोन तसाच धरून बसल्या. झुमरेतने विचारलं, "दादाने काय केलं, आजी इतकी का रागावली?" मी उठून चहा ठेवला, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. वाडगे घेऊन आले तेव्हा आपा भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांचा सगळा आवाज निघून गेला होता.

"माहिरे," त्या म्हणाल्या. "त्याला खरं वाटलं नसेल ना गं? मी रागावले म्हणून?"

माहिरे बुधवारपासून सासूशी धड बोलली नव्हती. ती सरकत सरकत त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या हातातला फोन काढून बाजूला ठेवला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"त्याने 'अजून बोला' म्हटलं, आपा," ती म्हणाली.